कोंडलेला उंट आणि डी४ चं प्यादं

वाचकांचं पत्र

सर, मी मिरजेत एका पतसंस्थेत नोकरी करते. वय ४३. मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला सोडायचे आणि तो सुटेपर्यंत बाकावर बसायचे, त्यातून मीच शिकले. मुलाने क्लास सोडला, मी नाही सोडला. काळी मोहरी असली आणि समोरच्याने ई४ खेळलं की मी ई६ करून फ्रेंच बचाव खेळते. पण तिसऱ्याच चालीला पांढऱ्याने ई५ केलं की माझा जीव गुदमरतो. सात-आठ चाली पाठ आहेत, व्हिडिओ बघून केल्यात. त्या संपल्या की काय करायचं ते कळत नाही. सी८ चा उंट डावभर घरीच बसतो. सोबत गेल्या रविवारचा डाव पाठवते, १४ चालींत संपला. आमच्याकडचे एक जण म्हणतात, फ्रेंच सोड आणि कॅरो-कान बचाव धर. सोडू का? की आणखी चाली पाठ करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर

ताई, सोडू नका. पाठही करू नका. आधी तुमचा डाव बघू, कारण उत्तर त्यातच आहे.

बाकीच्या वाचकांसाठी चाली मांडतो. (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी. चालीच्या क्रमांकानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; क्रमांकापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची.) १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. मग पांढऱ्याने ६. उंट डी३ केलं आणि तुम्ही सी५ चं प्यादं सी४ वर ढकललं. उंटाला हाकललं, एक चाल फुकट मिळाली, असं तुम्हाला वाटलं असणार. उंट सी२ वर गेला. पुढे ७... उंट डी७ ८. कॅसलिंग (राजा दोन घरं बाजूला, हत्ती त्याच्या पलीकडे), घोडा जी८ वरून ई७ ९. हत्ती ई१ घोडा जी६ १०. घोडा बी१ वरून डी२ उंट ई७ ११. घोडा एफ१, आणि तुम्ही राजाच्या बाजूला कॅसलिंग केलंत. १२. एच४. प्यादं फुकट दिसलं, घोड्याने मारलंत. घोड्याला घोडा, तुमचा उंट एच४ वर, आणि १४. वजीर एच५. एच७ वर मात आणि एच४ वर उंट, दोन्ही एकदम. तुम्ही डाव सोडलात, ते बरोबरच.

तुम्ही पत्रात बाराव्या चालीला ‘घोडचूक’ लिहिलंय. घोड्याचीच चूक, शब्द चपखल आहे. पण मला विचाराल तर डाव सहाव्या चालीला बिघडला. एच४ चं प्यादं खाल्लं नसतं तर हा डाव १४ ऐवजी ३० चालींत हरला असतात, एवढाच फरक.

का, ते सांगतो. आता पटावरची सगळी मोहरी उचलून बाजूला ठेवा, फक्त प्यादी राहू द्या. पांढऱ्याची बी२, सी३, डी४, ई५ ही तिरकी रांग दिसेल. तुमची एफ७, ई६, डी५. दोन साखळ्या एकमेकींना भिडल्यात. पांढऱ्याची साखळी तुमच्या राजाकडे बोट दाखवते, तिकडे त्याला जागा जास्त, तिकडेच तो हल्ला करणार. ई५ च्या प्याद्याने तुमच्या घोड्याचं हक्काचं घर, एफ६, हिरावून घेतलंय. एफ६ वर घोडा नाही म्हणजे एच७ ला राखण नाही. एवढं लक्षात असतं तर वजीर एच५ वर येण्याआधीच ती चाल तुम्हाला दिसली असती.

मग काळ्याकडे काय आहे? वजिराची बाजू आहे, आणि डी४ आहे. साखळी तोडायची तर तिच्या टोकावर नाही, मुळाकडे घाव घालायचा. हा विचार रीगाच्या आरॉन निमझोविच या खेळाडूने शंभर वर्षांपूर्वी ठासून मांडला. ई५ चं प्यादं समोर उभं असतं म्हणून आपण त्याच्याशी भांडत बसतो. पण ते डी४ च्या खांद्यावर उभं आहे. डी४ हललं तर ई५ आपोआप डगमगतं. सी५, घोडा सी६, वजीर बी६ या तुम्ही पाठ केलेल्या तिन्ही चाली एकाच प्याद्यावर रोखलेल्या आहेत, हे त्या व्हिडिओत कुणी सांगितलं होतं का? वजीर तर दोन कामं करतो. डी४ वर नजर, आणि बी२ वरही. त्यामुळे पांढऱ्याचा सी१ चा उंट सहजासहजी जागचा हलू शकत नाही. हलला की बी२ उघडं पडतं. तुमचा एक उंट कोंडलाय म्हणून तुम्ही हळहळता, पण त्याचाही एक कोंडलाय, ते कुणी सांगत नाही.

आता सी४ कडे परत या. सी५ चं प्यादं डी४ ला भिडलेलं होतं. ते सी४ वर गेलं आणि डी४ सुटलं. कुकरचा प्रेशर नीट धरायच्या आत शिट्टी उचलून वाफ सोडून दिली की डाळ कच्चीच राहते, तसं झालं. त्यानंतर पांढऱ्याला मध्याची काळजीच उरली नाही. हत्ती ई१, घोडा एफ१, एच४ अशा निवांत चाली त्याला खेळता आल्या, कारण डी४ कडे बघायची गरजच नव्हती. आणि उंटाला हाकललं म्हणता, तो गेला कुठे? सी२ वर, त्याच तिरप्या रेषेवर, एच७ कडे तोंड करून. त्याला धक्का लागलाच नाही.

सहाव्या चालीला काय खेळायचं? आधी सी५ ने डी४ वर मारा, पांढरा सी३ ने परत मारेल. आता मोजा. डी४ वर तुमचे दोन: सी६ चा घोडा, बी६ चा वजीर. राखणीला त्याचा एफ३ चा घोडा. वजीर डी१ वर आहे खरा, पण मध्ये डी३ वर त्याचाच उंट आडवा. म्हणजे प्यादं मोकळं? हात आवरा. ७... घोड्याने डी४ मारलं, ८. घोड्याने घोडा मारला, वजिराने तो मारला, की ९. उंट बी५, शह. उंट बाजूला झाला, डी रेषा उघडली आणि तुमचा वजीर गेला. दर स्पर्धेत निदान एक मुलगा या सापळ्यात सापडतो आणि बाहेर येऊन रडतो. मीही सापडलो होतो. रडलो नव्हतो, असं आईला सांगितलं होतं.

म्हणून आधी ७... उंट डी७. एवढीशी चाल, पण आता बी५ वर शह नाही आणि डी४ खरोखर धोक्यात आहे. पांढऱ्याला ठरवावं लागतं. बहुतेक जण कॅसलिंग करून प्यादं देऊन टाकतात. हा मिल्नर-बॅरी गॅम्बिट. स्टुअर्ट मिल्नर-बॅरी हे इंग्रज खेळाडू दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मनांची गुप्त लिपी उलगडणाऱ्यांत होते. १९४१ साली तिथल्या चौघांनी जादा माणसं द्या म्हणून चर्चिलला पत्र लिहिलं. त्यात ॲलन ट्युरिंग होते, आणि पत्र लंडनला स्वतः नेऊन देणारे हे मिल्नर-बॅरी. असा माणूस प्यादं फुकट देईल का? तर ८. कॅसलिंग, घोड्याने डी४ मारलं, ९. घोड्याने घोडा, वजिराने घोडा, १०. घोडा सी३. आता ई५ चं दुसरं प्यादंही खाता येतं, आणि तुम्हाला खावंसं वाटणार. एच४ चं खाल्लंत तशीच ओढ आहे ही. नका खाऊ. ते खाऊनही जगता येतं, पण त्यासाठी पुष्कळ अभ्यास लागतो. १०... ए६ खेळा. सी३ च्या घोड्याला बी५ चं घर बंद झालं. पांढरा वजीर ई२ वर आणेल, तुम्ही घोडा ई७ वर आणा, तिथून सी६. एक प्यादं जास्त आणि पडझड नाही. पांढऱ्याकडे हल्ला असतो, मान्य, पण त्याला तो सिद्ध करावा लागतो.

पांढऱ्याने सहाव्या चालीला उंट डी३ ऐवजी ई२ वर ठेवला तर? मग त्याचा वजीर डी४ ला राखतो. तुम्हीही तिसरा माणूस आणा: सी५ ने डी४ वर मारून घ्या, मग घोडा जी८ वरून ई७, तिथून एफ५. एफ५ हे फ्रेंचमधल्या घोड्याचं माहेर. तुमच्या डावात तो जी६ वर गेला, तिथून त्याला डी४ दिसतच नव्हतं. पांढराही मग बी१ चा घोडा ए३ वरून सी२ वर आणतो, तीनास तीन. तेव्हा उंट बी४, शह. घोड्याने मारलं तर डी४ ची राखण तुटते, उंट मध्ये घातला तर बी२ जातं. म्हणून पांढरा बिचारा राजा एफ१ वर सरकवतो आणि त्याचं कॅसलिंग गेलं. बघा, यात पाठ करण्यासारखं काही नाही. ‘डी४ वर माझे किती, त्याचे किती’ हा पतसंस्थेतला हिशेब आहे, जमा आणि नावे. तुम्ही तो दिवसभर करता.

एफ५ वरच्या घोड्याला पांढऱ्याने जी४ करून हुसकावलं तर घाबरू नका. तुमचा उंट ई७ वर परतलेला असेल, तर घोडा एच४ वर न्या आणि एफ३ च्या घोड्याशी बदला. डी४ चा राखणदारच गेला. आणि त्याने उंट देऊन एफ५ चा घोडा मारला, तर तुमचं ई६ चं प्यादं एफ५ वर येतं आणि तुमच्या त्या कोंडलेल्या उंटाला खिडकी उघडते.

त्या उंटाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण फ्रेंच खेळणाऱ्या प्रत्येकाचं हे जुनं दुखणं आहे. तुमची प्यादी ई६ आणि डी५ या पांढऱ्या घरांवर, उंटही पांढऱ्या घरांचा. आपल्याच भिंतीआड तो बसलेला. त्याला बाहेर काढायच्या मला माहीत असलेल्या वाटा दोन. एक, डी७ वरून बी५ वर नेऊन पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी बदलायचा. वाईट देऊन चांगला घ्यायचा, यासारखा सौदा नाही. काही जण यासाठी घोडा सी६ थांबवून चौथ्या चालीला वजीर बी६ आणि पाचव्याला लगेच उंट डी७ करतात. याला वेड (Wade हे आडनाव) व्हेरिएशन, म्हणजे चालींचा प्रकार, म्हणतात. दुसरी वाट एफ६. साखळीच्या टोकावर हल्ला करून ई५ फोडायचं, आणि मग उंट डी७, ई८, तिथून एच५ असा वळसा घालत बाहेर.

पण एफ६ च्या बाबतीत एक जुना डाव पटावर मांडाच. १९११ साली कार्ल्सबादला, म्हणजे आजच्या चेक देशातल्या कार्लोव्ही व्हारीला, निमझोविच पांढऱ्याकडून झाल्वे या खेळाडूविरुद्ध तिसऱ्या चालीच्या ई५ चं हेच व्हेरिएशन खेळला. सहा चाली अगदी तुमच्यासारख्या, फक्त झाल्वेने सहाव्या चालीला सी४ ऐवजी उंट डी७ केलं. आणि निमझोविचने सातव्या चालीला स्वतःच डी४ ने सी५ मारलं. ज्या प्याद्याच्या राखणीसाठी सगळी धडपड, तेच देऊन टाकलं. झाल्वेने उंटाने परत मारलं, पुढच्या चालीला एफ६ केलं, दोन चालींनी ई५ ही फुटलं. आता पांढऱ्याची मधली दोन्ही प्यादी गेलेली. काळ्याला वाटलं असेल, जिंकलो. पण सतराव्या चालीला पट बघा: जिथे डी४ चं प्यादं होतं तिथे पांढरा उंट, जिथे ई५ चं होतं तिथे पांढरा घोडा. प्यादी गेली पण घरं त्याचीच राहिली. काळ्याची ई६ आणि डी५ जोडीने उभी, एकही पाऊल पुढे टाकू शकत नाही, आणि त्यांच्यामागे तोच बिचारा उंट. चोविसाव्या चालीला पांढऱ्या उंटाने एच७ वरचं प्यादं उचललं. पुढचं तुम्हीच खेळून बघा. संगणक लावू नका, तो लगेच आकडे दाखवतो आणि आपण डोकं चालवायचं थांबवतो.

झाल्वे एफ६ खेळला ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. ई५ चं प्यादं गेल्यावर ते घर कोणाच्या ताब्यात राहणार, हे बघून एफ६ खेळायचं. तुमचा सी६ चा घोडा आणि डी६ वर येणारा उंट त्या घरासाठी भांडू शकत असतील, तर बेलाशक खेळा. एफ रेषा हत्तीला मिळते, ई६ थोडं कमजोर होतं, चालतं. नसतील तर थांबा.

सी४ कधीच खेळू नये, असंही नाही. पांढऱ्याने सहाव्या चालीला ए३ केलं, तर त्याला बी४ करून तुमचं सी५ हलवायचं असतं. तेव्हा ६... सी४ ही प्रतिष्ठित चाल आहे. ए प्यादं पुढे गेल्याने बी३ चं घर कायमचं पोकळ झालं. तुमचा घोडा ए५ वर बसून त्या घरावर पहारा देतो. पण तो डाव वेगळा, संथ, आणि त्यात राजाला बहुधा वजिराच्या बाजूला न्यायचं. तुमच्या डावात ए३ झालंच नव्हतं. चाल तीच, पण कारण नव्हतं. मला तरी संथ डावांचा कंटाळा येतो, मी तिथे घोडा एच६ करून एफ५ कडे निघतो.

कॅरो-कानबद्दल. तुमच्या मित्रांचा मुद्दा खरा आहे. ई४ सी६, डी४ डी५, ई५ उंट एफ५. तिथे उंट ई६ करायच्या आधीच बाहेर पडतो, कोंडत नाही. पण सी प्यादं एकदा सी६ वर जातं आणि पुढे डी४ वर हल्ला करायचा तर पुन्हा सी५ वर न्यावं लागतं. उंटाची सोय, एका चालीचा तोटा. म्हणजे तिथेही डी४ वरच हल्ला करायचाय. हे इथे न समजता तिकडे गेलात तर तीन महिन्यांनी मला तसंच पत्र लिहाल, फक्त उंटाचा उल्लेख नसेल. फ्रेंच हे नाव १८३४ सालापासून, पॅरिसने लंडनविरुद्ध पत्राने खेळलेल्या सामन्यात हा बचाव वापरला तेव्हापासून. तेव्हापासून लोक त्या उंटाची तक्रार करतायत आणि खेळतातही आहेत. पूर्व जर्मनीचा वुल्फगांग उलमान जन्मभर ई४ ला जवळजवळ फक्त फ्रेंच खेळला, आणि ग्रँडमास्टर झाला.

आता घरी करायचं काम. मुलगा क्लासला जात नसला तरी रविवारी दुपारी अर्धा तास बसेल, लाच द्यावी लागली तर द्या. पटावर दोघांचे राजे आणि फक्त प्यादी ठेवा, तिसऱ्या चालीनंतर जशी असतात तशी. आणि खेळा. पाच-सहा वेळा. सी५ ने मारल्यावर काय होतं, सी४ ढकलल्यावर काय होतं, एफ६ कधी लागू पडतं, हे मोहऱ्यांच्या गर्दीत दिसत नाही ते तिथे दिसतं. मग बाजू बदला, तुम्ही पांढरी घ्या. रशियाचा येव्गेनी स्वेश्निकोव्ह ही ई५ ची चाल पांढऱ्याकडून वर्षानुवर्षं खेळला. पांढऱ्याला डी४ ची किती धास्ती असते ते त्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही. मला ते कळायला चार वर्षं लागली, कारण माझे गुरुजी मला नेहमी काळीच द्यायचे. देशी पद्धतीवर वाढलेला माणूस, प्यादं दोन घरं सरकवलं तरी आधी नाराजीने बघायचा.

आणि तुमच्याच डावातला एक प्रश्न. अकराव्या चालीला, सी४ होऊन गेलेलं, पांढऱ्याचा घोडा एफ१ वर आलेला. तुमच्या राजाला दोन बाजू होत्या. वजिराच्या बाजूला बी८, सी८, डी८ तिन्ही घरं मोकळी होती. तिकडे गेला असता आणि मग एफ६ आलं असतं, तर एच४ ढकलणाऱ्याला कुठे बघावं लागलं असतं? पटावर मांडा, दहा मिनिटं बघा आणि चार-पाच चाली लिहून पाठवा. पुढच्या रविवारचा डावही पाठवा, हरलात तरी.